गोळीवरचा वळ कुठून येतो: रायफलचं काडतूस भरताना सीटिंगच्या खुणा कशा वाचायच्या

प्रेसचा, म्हणजे काडतूस भरण्याच्या हातयंत्राचा, दांडा खाली ओढला, गोळी केसमध्ये सरकली, काडतूस शेल होल्डरमधून (केसचं बूड धरणाऱ्या खाचेतून) काढून उजेडात तिरपं धरलं, आणि गोळीच्या निमुळत्या अंगावर, टोकापासून थोडं खाली, एक बारीक चकचकीत कडं दिसलं. नखाने चाचपलं तर कधी ते जाणवतही नाही, कधी नख तिथे चक्क अडतं. हाच सीटिंगचा, म्हणजे गोळी केसमध्ये बसवतानाचा, वळ. तो दिसला की हात सरळ पॉलिश पेपरकडे जातो आणि डायचा, म्हणजे प्रेसमध्ये बसवलेल्या साच्याचा, स्टेम घासायला घेतला जातो. इथे घाई नको. स्टेमने फक्त ठसा उमटवलेला असतो. तो उमटण्याइतका जोर का लागला हे शोधायला हवं, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा केसच्या मानेत सापडतं.

आधी शब्द नक्की करू. गोळी म्हणजे फक्त पुढचा धातूचा भाग, केस म्हणजे पितळी नळकांडं, आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), पावडर (दारू), गोळी सगळं भरून तयार झालं की ते काडतूस. केसचा पुढचा अरुंद भाग म्हणजे मान, आणि मान जिथे रुंदावते तो उतार म्हणजे खांदा. रायफलच्या बहुतेक गोळ्यांचा गाभा शिशाचा असतो, वरचं जॅकेट तांब्याचं, त्यात ५ ते १० टक्के जस्त. केसच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. स्टेम बहुधा पोलादाचा. तिघांत सगळ्यात मऊ गोळी, म्हणून खूण तिच्यावरच उठते.

सीटिंग डायच्या पोटात वरून उतरणारी जी दांडी, तो स्टेम. त्याच्या खालच्या टोकाला वाटीसारखी पोकळी असते. गोळीचं टोक या पोकळीत शिरतं आणि वाटीची कड गोळीच्या वळणदार उतारावर, म्हणजे ओजाइव्हवर, टेकते. दाब तिथेच यायला हवा, टोकावर नाही. गोळ्यांची टोकं एकाच डब्यातही थोडी लांब-आखूड असतात, ओजाइव्ह त्या मानाने बराच एकसारखा असतो. मापं या कामात इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात, त्याला वर्कशॉपच्या भाषेत एक थाऊ म्हणू. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलीमीटर.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी. काडतूस भरण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, परवाना लागत असेल तर तो हातात असल्याशिवाय प्रेसला हात लावू नये. पावडर कोणती, किती आणि काडतुसाची लांबी किती, हे पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचं. खाली जे उपाय आहेत ते सगळे यांत्रिक आहेत. वळ घालवण्यासाठी तक्त्याबाहेर जाण्याची गरज कधीच पडत नाही.

किती वळ चालतो

कडं नुसतं चमकतंय, नखाला लागत नाही, भिंगाखाली जॅकेटचा पृष्ठभाग दबल्यासारखा दिसत नाही, तर ते फक्त घासून आलेलं पॉलिश आहे. ते सोडून द्या. अशा कड्याने नेम बिघडत नाही.

नख अडलं तर मात्र थांबा. नख अडण्याइतका खोल वळ म्हणजे वाटीची कड जॅकेटमध्ये रुतली आहे. ती प्रत्येक गोळीत सारखी रुतत नाही. एकीत एक थाऊ, दुसरीत तीन. डायवरचा आकडा तोच राहतो आणि गोळी मात्र वेगवेगळ्या खोलीवर बसते. हे पकडायला कॅलिपरवर कम्पॅरेटर (ओजाइव्हवर टेकणारा मापाचा जोड) लावून केसच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंतचं अंतर मोजावं, टोकापर्यंतची एकूण लांबी नाही. दहा काडतुसांत फरक एक-दोन थाऊच्या आत असेल तर काम चोख चाललंय. चार-पाच थाऊचा फरक आणि जोडीला खोल वळ असेल तर दोघांचं मूळ एकच आहे असं धरून चालायला हरकत नाही.

खूण कुठे आहे, कशी आहे

सगळ्या खुणा सीटिंगच्या नसतात, म्हणून आधी जागा बघा. ओजाइव्हवर पूर्ण गोल कडं असेल तर ते स्टेमचं. तेच कडं एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला पुसट, चंद्रकोरीसारखं, तर गोळी वाकडी शिरली आहे. टोक चपटं झालंय किंवा प्लास्टिकचं टोक दबलंय, तर वाटीचा तळ टोकाला लागतोय. केसच्या तोंडाशी तांब्याची बारीक किसणी किंवा उभे चरे दिसले तर दोष तोंडाच्या कडेचा. आणि केसच्या तोंडाला समांतर अशी एक खाच गोळीच्या सरळ अंगावर असेल, जी गोळी बाहेर काढल्यावरच दिसते, तर ती क्रिम्पची, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळल्याची.

एक खूण मात्र वेगळी ओळखता आलीच पाहिजे. काडतूस रायफलमध्ये घालून परत काढल्यावर ओजाइव्हवर ठरावीक अंतरावर चार, पाच किंवा सहा आखूड चौकोनी ठसे दिसले, तर ते नळीतल्या आट्यांचे, म्हणजे रायफलिंगच्या उंचवट्यांचे. गोळी आट्यांना भिडते आहे. याचा डायशी संबंध नाही, गोळी बाहेर जास्त आली आहे. अशा स्थितीत गोळी सुटताना तिला धावायला जागा मिळत नाही आणि चेंबरमधला, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या कप्प्यातला, दाब वाढतो. हे ठसे दिसले तर वळाचा विषय बाजूला ठेवून आधी लांबी तपासा.

हाताला काय जाणवतं

प्रेसचा दांडा हे एक मोजमापाचं साधन आहे, आणि ते फुकट मिळतं. दांडा हळू ओढा आणि जोर कुठे लागतो ते लक्षात ठेवा. सुरुवातीलाच अडलं आणि मग सुटलं, तर केसच्या तोंडाला बर (धातूची उठलेली कड) आहे किंवा आतून चॅम्फर (कडेला दिलेला उतार) नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच जड जात असेल तर मान घट्ट आहे किंवा कोरडी. अर्ध्यापर्यंत लोण्यासारखं गेलं आणि शेवटच्या मिलीमीटर-दोन मिलीमीटरला एकदम जड झालं, तर तीन शक्यता: पावडर दाबली जातेय, मानेच्या मुळाशी आतून कडं तयार झालंय, किंवा क्रिम्प लवकर लागतोय. शेवटी बारीक करकर ऐकू आली तर पावडरच.

यानंतर खात्रीची परीक्षा. साइझ केलेली (साइझिंग डायमधून काढून मापाला आणलेली), प्रायमर नसलेली, पावडर नसलेली एक केस घ्या आणि त्यात गोळी बसवा. ही डमी. मार्करने तिच्यावर मोठी खूण करा, ती खऱ्या काडतुसांत मिसळता कामा नये. डमीवर वळ उठलाच नाही तर दोष पावडरच्या दाबाचा. उठला, तर दुसरी डमी करा, पण या वेळी केसच्या मानेत आतून ग्रॅफाइटची कोरडी पूड कापसाच्या बोळ्याने अगदी पुसट लावा. वळ फिका पडला तर घर्षण. तसाच राहिला तर तिसऱ्या केसची मान जराशी सैल करून बघा, मँड्रेल (मान आतून उघडणारी दांडी) असेल तर त्याने, नसेल तर साइझ न केलेली, एकदा झाडलेली केस वापरून तिच्यात गोळी जेमतेम धरेल एवढंच तोंड किंचित आवळून. एवढ्या कमी जोरातही कडं खोल उमटत असेल तरच स्टेम दोषी. ही सगळी परीक्षा दहा मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय स्टेम घासू नये, कारण घासलेलं परत आणता येत नाही.

मान: इथेच बहुतेक उत्तरं मिळतात

.३०८ विंचेस्टर या काडतुसाचं उदाहरण घेऊ. गोळीचा व्यास ०.३०८ इंच. मानेची भिंत १४ थाऊ जाडीची असेल तर गोळी बसलेल्या मानेचा बाहेरचा व्यास ०.३३६ इंच होतो. बुशिंग डायमध्ये ०.३३४ चं बुशिंग (मान आवळणारी बदलता येणारी कडी) लावलं तर मान दोन थाऊ आवळलेली राहते. बोल्ट अ‍ॅक्शन (दर वेळी हाताने बोल्ट ओढायच्या) रायफलला दोन थाऊ सहसा पुरतात, स्वयंचलित भरणाऱ्या रायफलला तीन लागू शकतात, कारण तिथे काडतूस जोरात चेंबरमध्ये आपटतं.

साध्या फुल लेंग्थ साइझिंग डायचं गणित वेगळं आहे. ती मान आधी गरजेपेक्षा बरीच आवळते आणि मग केस बाहेर येताना दांडीवरचा एक्स्पांडर बॉल ती आतून उघडतो. हा बॉल कुणी काढून टाकला असेल, किंवा तो झिजला असेल, तर मान सहा-आठ थाऊ घट्ट राहू शकते. मग मान उघडण्याचं उरलेलं काम गोळी करते. म्हणजे आपण गोळीलाच एक्स्पांडर म्हणून वापरतो, आणि तो सगळा जोर स्टेमच्या कडेतून तिच्या अंगावर जातो. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मान तीन थाऊपेक्षा जास्त आवळून पकड त्या प्रमाणात वाढत नाही. पितळ एका मर्यादेपर्यंतच स्प्रिंगसारखं वागतं, त्यापुढे ते कायमचं ताणलं जातं. जास्तीच्या आवळण्याने पकड फारशी मिळत नाही, वळ मात्र मिळतो.

पितळ जुनं झालं की तेच दुखणं दुसऱ्या वाटेने येतं. झाडणं, आवळणं, उघडणं या प्रत्येक फेरीत मानेचं पितळ कडक होत जातं. त्याच डायमधून त्याच मापाने काढलेली मान पाचव्या-सहाव्या भरण्यात पहिल्यापेक्षा वेगळी वागते, आणि एकाच पेटीतल्या केसेस वेगवेगळ्या वयाच्या असतील तर काहींवर वळ, काहींवर नाही, असा गोंधळ दिसतो. उपाय अ‍ॅनीलिंग: मान आणि खांदा तेवढा तापवून मऊ करणं. केसचं बूड कडकच राहायला हवं, कारण दाब तेच पेलतं. बुडाकडे उष्णता गेली तर ती केस फेकून द्यावी. अ‍ॅनीलिंग नेहमी रिकाम्या केसचंच, प्रायमरसुद्धा काढलेला.

आता केस धुण्याबद्दल. पाण्यात स्टीलच्या पिना घालून फिरवलेल्या किंवा अल्ट्रासोनिकमधून काढलेल्या केसेस आतून-बाहेरून लख्ख निघतात. दिसायला सुंदर, पण मानेत आतून असलेला काजळीचा पातळ थर जातो, आणि तो थर वंगणाचं काम करत होता. कोरडं स्वच्छ तांबं कोरड्या स्वच्छ पितळेवर घासत जातं, गोळी सरकायच्या ऐवजी धक्क्याधक्क्याने जाते. शिवाय पिनांच्या आणि एकमेकींच्या माराने केसचं तोंड आत-बाहेर किंचित ठोकलं जाऊन बारीक कड उठते. म्हणून चॅम्फर धुण्यानंतर करा, आधी नाही. मानेतून नायलॉनचा ब्रश दोनदा फिरवा, आणि ग्रॅफाइटची पूड लावा. तेल किंवा ओलं वंगण मानेत नको, ते पावडर आणि प्रायमर दोन्ही नासवतं.

चॅम्फर म्हणजे तोंडाच्या आतल्या कडेला दिलेला उतार. हाताच्या हत्याराचे दोन-तीन हलके फेरे पुरतात. कड सुरीसारखी धारदार झाली तर जास्त झालं. बोटटेल गोळीचं बूड निमुळतं असल्याने ती सहज शिरते, सपाट बुडाच्या गोळीला मात्र नीट चॅम्फर नसेल तर तोंड तिला पहिल्याच क्षणी किसतं. लांब, निमुळत्या गोळ्यांसाठी अरुंद कोनाचं चॅम्फर हत्यार मिळतं, त्याने प्रवेश आणखी सौम्य होतो.

मानेचा शेवटचा मुद्दा, आणि तो सहज निसटतो. अनेकदा झाडलेल्या केसमध्ये खांद्याचं जाड पितळ पुढे सरकून मानेच्या मुळाशी आतून एक कडं तयार होतं. गोळीचं पूर्ण जाडीचं अंग तिथपर्यंत पोचत असेल तरच ते त्रास देतं. ओळख तीच, शेवटच्या टप्प्यात एकदम जड. तपासायला झाडलेली, साइझ न केलेली केस घ्या आणि गोळी बोटांनी आत सोडून बघा. मानेच्या तळाशी ती अडली तर कडं आहे. ते रीमरने (आतून कापणाऱ्या हत्याराने) काढावं लागतं.

स्टेम

परीक्षेत स्टेमच दोषी ठरला तर तो बाहेर काढा आणि आधी सॉल्व्हंटने धुवा. वाटीत साइझिंगचं वंगण, शिशाचा चुरा, प्लास्टिकच्या टोकांचे कण साचतात. ते वाळून घट्ट झाले की गोळी एका बाजूला कलते आणि खोलीही बदलते. पुष्कळदा एवढ्या साफसफाईनेच चंद्रकोर वळ जातो.

मग आकार. गोळीचं ओजाइव्ह मार्करने काळं करा, शाई वाळू द्या, डमीत बसवा. शाई जिथे पुसली गेली तिथेच स्टेम टेकला. रेघ केसाएवढी बारीक असेल तर वाटीची फक्त कड टेकते आहे. तीन-चार मिलीमीटरचा पट्टा पुसला गेला असेल तर वाटी गोळीच्या वळणाशी जुळते आहे. सगळा जोर त्या बारीक रेघेवर येणं आणि रुंद पट्ट्यावर वाटला जाणं यात वळाचं सगळं गणित आहे. टोकावरची शाई गेली असेल तर तळ लागतोय. शंका असेल तर वाटीत वाटाण्याच्या निम्म्याएवढा मऊ क्लेचा गोळा ठेवून गोळी दाबा. क्लेला मधोमध आरपार भोक पडलं तर टोक पोलादाला लागलं. जुन्या पद्धतीच्या बोथट गोळ्यांसाठी केलेला स्टेम आजच्या लांब, निमुळत्या गोळ्यांना चालत नाही. त्यासाठी वेगळा खोल वाटीचा स्टेम डाय बनवणारेच देतात, आणि तो घेणं हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

आकार बरोबर आहे आणि फक्त कड धारदार आहे, तर ती मोडायची. स्टेम ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरा, मंद वेगात फिरवा. ६०० ग्रिटचा पॉलिश पेपर लाकडी काडीच्या निमुळत्या टोकावर गुंडाळून वाटीच्या आतल्या कडेला अलगद लावा, मग १००० ग्रिट, मग धातूचं पॉलिश. दर पाच-दहा सेकंदांनी थांबून बघा. धार गेली आणि कडेला आरशासारखी चमक आली की बस. त्याच गोळीच्या वळणाशी वाटी जुळवायची असेल तर लॅपिंग करता येतं: गोळीला व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची बारीक पेस्ट लावून तीच गोळी वाटीत फिरवायची. ती गोळी नंतर टाकून द्यायची, तिच्यात रुतलेले कण नळी खरवडतील. स्टेम सॉल्व्हंटने दोनदा धुवा. पेस्टचा एक कणसुद्धा राहिला तर तो पुढच्या प्रत्येक गोळीवर चरा पाडेल.

हे झालं की डाय नव्याने सेट करणं आवश्यक आहे. कड खाली-वर झाली म्हणजे जुन्या आकड्यावर गोळी वेगळ्या खोलीवर बसणार. गोळी ठरल्यापेक्षा खोल गेली तर केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसाची साअमीने (अमेरिकेतल्या शस्त्र आणि काडतूस उत्पादकांच्या संस्थेने) ठरवलेली कमाल लांबी २.८१० इंच आहे, पण तुमच्या गोळीची बसवायची लांबी तक्त्यात जी दिली असेल ती धरा.

पावडर आणि क्रिम्प

काही तक्त्यांत काही भरण्या दाबलेल्या म्हणूनच नोंदवलेल्या असतात. तिथे पावडर गोळीच्या बुडाशी भिडते आणि स्टेमला तिच्याविरुद्ध ढकलावं लागतं. लांब नळीच्या फनेलमधून पावडर हळू सोडली की दाणे जवळ-जवळ बसतात आणि पातळी खाली जाते. तरीही वळ खोल येत असेल तर छापील तक्त्यातलीच कमी जागा घेणारी दुसरी पावडर निवडावी. दाबलेल्या भरणीत गोळी काही तासांनी एक-दोन थाऊ वर सरकू शकते, म्हणून लांबी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

क्रिम्पचा दोष दुरुस्तीला सोपा. बहुतेक सीटिंग डायच्या अंगातच क्रिम्पचा खांदा असतो. डाय फार खाली उतरवलेली असेल तर गोळी अजून सरकत असतानाच केसचं तोंड तिच्यात रुततं. तोंडाशी तांबं खरवडलं जातं, आणि वाईट स्थितीत केसचा खांदा फुगून काडतूस चेंबरमध्ये जातच नाही. रायफल डायचे आटे सहसा ७/८ इंच, इंचाला १४. म्हणजे एक पूर्ण फेरा १.८१ मिलीमीटर. केस वर घेऊन डाय तिला टेकेपर्यंत खाली आणा, मग एक फेरा मागे घ्या, लॉकनट आवळा, आणि खोली फक्त स्टेमने ठरवा. क्रिम्प हवाच असेल तर तो वेगळ्या फेरीत, आणि गोळीवर त्यासाठी खाच असेल तरच.

वाकडी बसलेली गोळी

चंद्रकोर वळ साफसफाईनेही गेला नाही तर शेल होल्डरची खाच बघा. तिथे पितळेचा कण अडकला असेल तर केस कललेलीच वर येते. गोळी केसच्या तोंडावर बोटाने सरळ ठेवा आणि ती डायमध्ये शिरेपर्यंत बोटाचा आधार सोडू नका. लॉकनट आवळताना प्रेसमध्ये एक केस वर घेऊन डायवर हलका दाब ठेवला की डाय आट्यांत मधोमध बसते. कॉन्सेंट्रिसिटी गेजवर (काडतूस फिरवून वाकडेपणा मोजणाऱ्या साधनावर) गोळीचा डोल दोन-तीन थाऊच्या आत आला तर पुरे. पाच-सहाच्या वर असेल तर बहुधा मानच वाकडी आहे, आणि तिचं कारण साइझिंग डायमध्ये कोरडा एक्स्पांडर बॉल मान ओढत बाहेर येतो हे असतं. मानेत आतून ग्रॅफाइट लावून साइझ करा, आणि त्याच केसचा डोल गोळी बसवण्याआधी मोजा. रिकाम्या मानेचाच डोल जास्त असेल तर सीटिंग डायशी झटण्यात वेळ घालवू नका, दुरुस्ती एक पायरी मागे आहे.